आदरार्थी बहुवचन

टोलीडो, ओहायो. विद्यापीठाच्या तळघरात
हीटर खोकत असतो आणि मी हेडफोन लावून
पोलिसांचं बोलणं मोजते.
तासाला अठरा डॉलर.

छातीवरच्या कॅमेऱ्यातला नुसता आवाज.
चित्र काढून टाकलंय,
कोण गोरा कोण काळा हे आम्हाला कळू नये म्हणून.
नावांच्या जागी बीप.
प्रत्येक वाक्याला एक ते चार गुण:
आदर किती, जरब किती.

इंग्रजीची पंचाईत अशी, की तिच्यात सगळेच 'यू'.
न्यायाधीश यू, भुरटा चोर यू, दारातलं कुत्रंही यू.
मग मी एक युक्ती करते, प्रशिक्षणाच्या वहीत नसलेली.
वाक्य मनातल्या मनात मराठीत आणते
आणि बघते, हा काय म्हणाला असता?
गाडी बाजूला घ्या, की घे?
लायसन्स दाखवता का जरा, की काढ?

बहुधा लगेच कळतं.
क्रियापदाचं शेपूट सगळं सांगून टाकतं.
क्लिप एकशे सहा: मागचा दिवा गेलाय हो तुमचा,
एवढंच सांगायला थांबवलं, सांभाळून जा. चार.
क्लिप एकशे सात, तोच आवाज, तसलाच दिवा:
हात दिसू देत. दोन्ही. एक.

क्लिप दोनशे बाराला मी चार दिले.
सात वेळा सर, तीन वेळा प्लीज.
ओडेसा प्रुइटनं एक दिला.
ओडेसा टपाल खात्यातून निवृत्त, समोरच्या टेबलावर बसते,
डब्यात उकडलेली अंडी आणते.
डॉ. हॅल्व्हर्सन म्हणाले, दोघी बसा, जुळवून घ्या,
तफावत फार दिसते तक्त्यात.

परत लाव, ती म्हणाली. शब्द सोड.
(ती मला तू म्हणते की तुम्ही,
हे मी आजवर ठरवलंच नव्हतं.)
चौथ्या 'सर'नंतर एक टक्.
चामड्याचं बटण उघडल्याचा.
मला वाटलेलं, गाडीचं दार.
आणि हा बघ, चालवणारा. मोज त्याचे 'येस सर'.
अकरा.
ते मोजायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा पोरगा गाडी शिकला, ती म्हणाली,
ते आधी स्वयंपाकघरात. जेवणाची ताटली धरून,
बोटं पसरून, आवाज सपाट ठेवून.
मी खिडकीशी वाकायची, पोलीस व्हायची.
मी पण सरच म्हणायची त्याला.
मग तिनं अंडं सोललं, मीठ विसरली.

मला एकदम सांगली आठवली. हरभट रोडच्या मागची गल्ली,
एका दाराच्या उंबऱ्याबाहेर माझे वडील,
इस्त्रीचा शर्ट, हातात ट्रान्सफरची ऑर्डर.
आतले गृहस्थ किती अदबीनं म्हणाले,
आडनाव काय म्हणालात आपलं?
वडिलांनी सांगितलं.
अरेरे, जागा कालच गेली हो.
पाणी घेणार का, हेही विचारलं, हललं मात्र कुणी नाही.
मी नऊ वर्षांची, सायकलच्या कॅरिअरवर.
त्या 'आपलं'ला मी किती दिले असते?
चार. डोळे मिटून चार.

शेवटी आम्ही दोन लिहिलं.
दोघींनाही ते चुकीचं वाटत होतं.
तक्ता सुधारला. हॅल्व्हर्सन खूश.
शेऱ्याच्या रकान्यात मी 'बटण' लिहिलं, आणि सेकंद.
तो रकाना कुणी वाचत नाही.

संध्याकाळी डॉर स्ट्रीटवर तिची जुनी ब्यूइक माझ्या पुढे.
मर्यादा पस्तीसची, ती तेहतीसनं.
मागचे दोन्ही दिवे लागत होते, मी मुद्दाम बघितले.
प्रत्येक सिग्नलला तिचं डोकं किंचित वर व्हायचं,
आरशाकडे.
मागे फक्त मी होते.